गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेतला एक कॉपीराइटचा दावा तडजोडीनं मिटला. दावा लावणारे दोघे होते. 'मिस्टर फिंगर्स' या नावानं जगभर ओळखले जाणारे संगीतकार लॅरी हर्ड आणि त्यांचे जुने साथीदार, गायक रॉबर्ट ओवेन्स. दावा होता शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीवर. तडजोडीनंतर या दोघांच्या ऐंशीच्या दशकातल्या रचनांचे आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क त्यांना परत मिळाले. हर्ड यांचा जन्म १९६०चा. ज्या संगीतानं त्यांना नाव दिलं ते त्यांनी पंचविशीच्या आसपास घरात बसून केलं, आणि त्याची मालकी निर्विवादपणे त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या बातमीला जागा मिळाली नाही, आणि त्यात नवल नाही. पण कलावंत आणि त्याच्या कामाची मालकी यांबद्दल ज्यांना आस्था आहे, त्यांनी हर्ड यांच्या रेकॉर्डींचा चाळीस वर्षांचा प्रवास मुद्दाम पाहावा असा आहे. मुख्य प्रवाहाबाहेर राहून हाउस किंवा टेक्नो करणारे संगीतकार स्वतःचं छोटं लेबल काढतात, मोजक्याच रेकॉर्डी छापतात, मोठ्या कंपन्यांपासून लांब राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो, कधी आढ्यता वाटते. मला तो या संगीतातला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार वाटतो, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा हर्ड यांच्याच रेकॉर्डींत आहे.

ज्यांचा या संगीताशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९७७मध्ये शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचे आणि रात्रभर नाच चालायचा. येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले अनेक समलिंगी. 'हाउस' हे नाव या क्लबच्या नावावरूनच पडलं. डिस्कोची लाट ओसरल्यावर त्याच शहरातल्या तरुणांनी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन घरच्या घरी नाचाचं नवं संगीत बांधायला सुरुवात केली. १९८४ची जेसी साँडर्स यांची 'ऑन अँड ऑन' ही हाउसची पहिली रेकॉर्ड मानली जाते. शेजारच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटमध्ये, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन त्याच सुमारास टेक्नो घडवत होते. या तिघांनीही अगदी सुरुवातीलाच आपापली लेबलं काढली. मेट्रोप्लेक्स १९८५मध्ये, ट्रान्समॅट १९८६मध्ये, केएमएस १९८७मध्ये. डेट्रॉइटच्या पहिल्या पिढीनं मालकीचा प्रश्न असा पहिल्याच पावलाला सोडवून टाकला होता. शिकागोत मात्र तो चिघळला, कारण तिथे रेकॉर्ड दाबून काढणारा कारखाना आणि रेकॉर्ड कंपनी एकाच माणसाच्या ताब्यात होती.

हर्ड मुळात ड्रमवादक. बँडमध्ये वाजवता वाजवता त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेतलं आणि एकट्यानं रचना करायला लागले. १९८५मध्ये 'मिस्टरी ऑफ लव्ह' ही त्यांची रेकॉर्ड निघाली ती त्यांच्या स्वतःच्या 'अलिव्हिएटेड' या लेबलावर. म्हणजे स्वतः प्रकाशक व्हायची बुद्धी त्यांना पुढे ठेच लागल्यावर झालेली नाही, ती पहिल्यापासूनच होती. मग पुढच्याच वर्षी 'कॅन यू फील इट' आणि 'वॉशिंग मशीन' या रचना ट्रॅक्सकडे का गेल्या? याचं मोठं कारण यंत्राचं आहे. ट्रॅक्सचे लॅरी शर्मन यांच्या मालकीचा शिकागोत रेकॉर्ड छापण्याचा कारखाना होता. तरुण मुलगा टेप घेऊन यायचा, काही दिवसांत त्याच्या हातात रेकॉर्ड पडायची आणि त्या शनिवारी ती क्लबात वाजायची. ज्याला वितरक माहीत नाही, वकील परवडत नाही, उधारीवर कारखाना दारात उभं करत नाही, त्याला हा मार्ग मोहात पाडणारा होता. एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बारा इंची रेकॉर्ड काढताना आधी लॅकरच्या तबकडीवर खाचा कोरल्या जातात, त्यावरून धातूचा साचा तयार होतो, आणि हा खर्च तीनशे प्रती काढा किंवा तीन हजार, तेवढाच येतो. तो पहिला खर्च ज्याला पेलतो त्याच्याकडे व्यवहाराची चावी जाते. संगीतकाराकडे संगीत असतं, पण साचा दुसऱ्याचा असतो.

'कॅन यू फील इट' नीट ऐकली तर या व्यवहारात नेमकं काय हातातून गेलं ते कळतं. सहा मिनिटांच्या आतली रचना. रोलँडच्या ज्युनो-६० या सिंथेसायझरचा खर्ज आणि टीआर-९०९ या ड्रम मशीनचा ठेका, एवढ्यावर ती उभी आहे. मूळ रचनेत गाणं नाही, एकही शब्द नाही. खर्जाची एक छोटी, गोल फिरणारी ओळ सुरू होते आणि ती शेवटपर्यंत फारशी बदलत नाही. तिच्यावर लांब, मऊ स्वरसमूह येतात आणि ओसरतात. ठेका नाचाचाच आहे, पण त्यावर जे पसरतं त्यात घाई नाही, कुणाला भुलवण्याचा आटापिटा नाही. त्या काळच्या शिकागोच्या इतर रेकॉर्डी शेजारी ठेवल्या तर त्यांतल्या बऱ्याच उसळत्या, आक्रमक आहेत. हर्ड यांची रेकॉर्ड नाचाच्या मधोमध उभं राहून विचार करायला लावते. पुढे 'डीप हाउस' नावानं जो प्रकार जगभर रुजला त्याचा उगम याच रचनेत दाखवला जातो. आणि ही रचना लोकांच्या घरात पोचली कशावरून? ट्रॅक्सच्या रेकॉर्डी खरखरीसाठी कुप्रसिद्ध होत्या. जुन्या, न खपलेल्या रेकॉर्डी वितळवून तेच प्लॅस्टिक पुन्हा वापरलं जायचं, असं त्या वर्तुळातले लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. इतक्या हळुवार संगीताखाली सतत तडतड ऐकू यावी, आणि ते करणाऱ्याला त्याबद्दल काही म्हणण्याचा अधिकार नसावा, याला मी नुसता तांत्रिक दोष मानत नाही. छपाई कशी व्हावी हे ठरवणं हाही मालकीचाच भाग आहे.

पैशाची कथा जास्त जाहीर आहे. १९८६मध्ये शिकागोच्या या रेकॉर्डी ब्रिटनमध्ये पोचल्या आणि तिथल्या बाजारानं त्या उचलून धरल्या. त्या वर्षी फार्ली 'जॅकमास्टर' फंक यांची 'लव्ह कान्ट टर्न अराउंड' तिथल्या पहिल्या दहांत गेली, आणि जानेवारी १९८७मध्ये स्टीव्ह 'सिल्क' हर्ली यांची 'जॅक युअर बॉडी' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. शिकागोच्या एका कोपऱ्यातलं संगीत वर्षभरात परदेशी विक्रीच्या यादीत शिखरावर गेलं. परदेशी कंपन्यांशी परवान्याचे करार होत होते, संग्रह निघत होते, मग त्यांचे पुन्हा संग्रह निघत होते. हे करार लेबलांमार्फत व्हायचे. हर्ड आणि ओवेन्स यांनी जून २०२०मध्ये लावलेल्या दाव्यात तक्रार हीच होती की 'कॅन यू फील इट', 'वॉशिंग मशीन', 'ब्रिंग डाउन द वॉल्स' अशा रचनांवर कंपनी दशकानुदशकं व्यवसाय करत राहिली आणि रॉयल्टी त्यांच्यापर्यंत आली नाही. हे दोघं एकटे पडले होते असंही नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये मार्शल जेफरसन, ॲडोनिस यांच्यासह डझनभराहून जास्त कलावंतांनी त्याच कंपनीवर स्वतंत्र दावा लावला. जेफरसन यांची 'मूव्ह युअर बॉडी' ही त्या काळातली सर्वांत गाजलेली शिकागो-रचना, ती केली तेव्हा ते टपाल खात्यात नोकरी करत होते. एकाच्या बाबतीत हिशेब चुकू शकतो. इतक्या जणांची एकच तक्रार असेल तर व्यवहाराची पद्धतच तपासायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ट्रॅक्स नसती तर हे संगीत कुणाला ऐकूच गेलं नसतं. कंपनीनं जोखीम घेतली, छापलं, विकलं, आज ज्याला आपण अभिजात म्हणतो ते जगापुढे आणलं, मग तिनं कमावलं तर बिघडलं कुठे? आक्षेपात तथ्य आहे. शर्मन यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या रेकॉर्डींची यादी पाहिली तर थक्क व्हायला होतं. १९८७ची फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स'सुद्धा तिथलीच. पण जोखमीचा मोबदला आणि कायमची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छपाईचा खर्च, त्यावर नफा, काही वर्षांचा परवाना हे सगळं जोखमीच्या मोबदल्यात बसतं. पस्तीस वर्षांनंतरही ध्वनिमुद्रणावर आपलाच ताबा, हे त्यात बसत नाही. अमेरिकेच्या कायद्यानंही हा फरक ओळखला आहे. १९७८पासून पुढे केलेली हक्कांची हस्तांतरणं पस्तीस वर्षांनी रद्द करून हक्क परत घेण्याची मुभा तिथल्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याला आहे, पगारी काम म्हणून केलेल्या कृती तेवढ्या वगळून. कायदेमंडळानं ही तरतूद ठेवली, कारण तरुणपणी घाईत केलेल्या सह्यांचं पुढे काय होतं हे लेखक-संगीतकारांच्या पिढ्यांनी दाखवून दिलं होतं. आणि पोचण्याचाच मुद्दा असेल तर 'मिस्टरी ऑफ लव्ह'चं काय? स्वतःच्या लेबलावर निघालेली ही रेकॉर्ड शिकागोच्या नाचघरांत आधीच वाजत होती, म्हणून तर पुढच्या वर्षी डीजे इंटरनॅशनल या लेबलानं ती घेतली. २०१६मध्ये कान्ये वेस्ट यांच्या 'फेड' या गाण्यात तिचा अंश वापरला गेला, म्हणजे निघाल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळानं. या संगीताचं मोल पहिल्या वर्षाच्या विक्रीत संपत नाही. ते दशकांनी वर येतं, आणि तेव्हा हक्क कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व येतं. शेतकऱ्याला जसं ठाऊक असतं की पीक एका हंगामाचं, पण सातबारा पिढ्यांचा, तसंच हे आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचारी आहे. वाईट कंपनीचं उदाहरण घेऊन सगळ्या कंपन्यांना झोडपू नका, नीट करार करणारी, हिशेब देणारी मोठी कंपनी मिळाली तर संगीतकारानं छपाई-वितरणाच्या कटकटीत का पडावं? हर्ड यांच्या वाटचालीत हाही प्रयोग होऊन गेला आहे. १९९२मध्ये 'इंट्रोडक्शन' हा मिस्टर फिंगर्सचा अल्बम एमसीए या बड्या कंपनीनं काढला. त्यावर गाणी आहेत, हर्ड यांचा स्वतःचा आवाज आहे, निर्मिती सफाईदार आहे, आणि माझ्या मते तो आजही ऐकण्यासारखा आहे. पण पुढचा 'बॅक टू लव्ह' १९९४मध्ये निघाला तो एमसीएकडून निघाला नाही, लंडनच्या ब्लॅक मार्केट या स्वतंत्र लेबलावर निघाला. 'सीनरीज नॉट साँग्ज' आणि 'एलियन' हे त्या दशकातले अल्बमही तिथलेच. त्यांत नाचाचा ठेका कधी मागे सरतो, कधी जवळजवळ नाहीसा होतो, आणि नुसतं सुरांचं वातावरण उरतं. मोठ्या कंपनीच्या विक्री विभागाला हे पटवणं अवघड गेलं असतं असा माझा तर्क आहे, आणि तो हर्ड यांच्यावर शंका घेणारा नाही, विक्री विभाग कशासाठी असतो त्यावरून केलेला आहे. चांगली कंपनी हिशेब देईल. पण कुठलं काम कधी, किती आणि कुठल्या रूपात बाहेर यावं याचा निर्णय ती स्वतःकडे ठेवते. हर्ड यांनी २०१८मध्ये 'सेरेब्रल हेमिस्फिअर्स' हा मोठा अल्बम अलिव्हिएटेडवर काढला. मिस्टर फिंगर्स या नावाचा जवळपास पंचवीस वर्षांनंतरचा हा पहिला अल्बम. एवढा खंड पडलेल्या कलावंताला कुठली कंपनी थांबून राहिली असती? स्वतःचं लेबल थांबू शकतं.

डेट्रॉइटच्या पुढच्या पिढीनं यातून पूर्ण व्यवस्था उभी केली. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'नं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चेहरे झाकून, मुलाखती टाळून रेकॉर्डी काढल्या, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे 'सबमर्ज' ही वितरण संस्था उभारली. शहरातल्या छोट्या लेबलांना बाहेरच्या वितरकाच्या दारात उभं राहण्याची गरज उरली नाही. रेकॉर्डी छापायला आर्चर हा १९६५पासूनचा, एकाच कुटुंबाचा कारखाना शहरातच होता. लॅकर कापायला रॉन मर्फी होते. या माणसाबद्दल चार शब्द जास्त लिहायला हवेत, कारण संगीताच्या इतिहासात अशांची नावं गळतात. मर्फी जुन्या यंत्रावर लॅकर कापायचे, डेट्रॉइट टेक्नोच्या असंख्य रेकॉर्डींचा दणकट खर्ज त्यांच्या हातातून गेला आहे. रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेनंतर लेबलाच्या कागदापर्यंत जी कोरी पट्टी उरते तिच्यावर हातानं कोरलेली अक्षरं सापडतात. कुठे क्रमांक, कुठे छोटा निरोप. एखाद्या रेकॉर्डीवर सुई आतून बाहेर जाते, एखादीवर ती एकाच वर्तुळात फिरत राहते आणि ठेका हातानं सुई उचलेपर्यंत थांबत नाही. असले प्रयोग कंपनीच्या वेळापत्रकात बसत नाहीत. संगीतकार, कापणारा आणि छापणारा एकाच शहरात, एकमेकांना ओळखणारे आणि एकमेकांचं देणंघेणं सांभाळणारे असले की बसतात. १९९९मध्ये डीजे रोलँडो यांची 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' याच घरातून निघाली आणि गाजली. तेव्हा सोनीच्या जर्मन शाखेनं परवानगीशिवाय तिची हुबेहूब नक्कल बाजारात आणायचा घाट घातला. जगभरच्या श्रोत्यांनी निषेधाची पत्रं धाडली आणि सोनीला पाऊल मागे घ्यावं लागलं. मालकी आपल्याकडे होती म्हणून भांडता आलं.

आता एक आक्षेप या संगीताच्या आतूनच येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. हाउस हे मुळात उचलाउचलीतून जन्माला आलेलं संगीत आहे. जुन्या डिस्को रेकॉर्डीतला खर्ज घ्यायचा, दुसऱ्याचा आवाज तिसऱ्याच्या ठेक्यावर बसवायचा, हीच त्याची रीत. खुद्द 'कॅन यू फील इट'वर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा आवाज चढवलेली आवृत्ती लोकप्रिय आहे, आणि अनेकांना तीच मूळ वाटते. मग ज्या कलेनं कुंपणं मानली नाहीत तिच्या कलावंतांनी मालकीची भाषा बोलावी का? माझं उत्तर असं की उचल कोण करतो आणि तिच्यावर हिशेब कोण ठेवतो, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही. नाचघरात एका डीजेनं दोन रेकॉर्डी एकमेकींत मिसळल्या तर मूळ संगीतकाराचं नुकसान होत नाही, त्याचं संगीत वाढतं. हर्ड यांनीही अशा मिसळण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतलेली नाही. त्यांची तक्रार त्या कंपनीविरुद्ध होती, जिनं मूळ ध्वनिमुद्रणाचा व्यापार केला. देवाणघेवाणीची संस्कृती टिकवायची तर देणाऱ्याच्या हातात काहीतरी उरायला हवं. पोट भरलं नाही तर संगीतकार दुसरं काम धरतो, आणि देण्यासारखं काही तयारच होत नाही.

मोजक्या प्रती छापण्याचा मुद्दा मात्र मी सरसकट उचलून धरणार नाही. तीनशे-पाचशे प्रती काढणं हे बहुतेक वेळा गरिबीचं गणित असतं. न खपलेल्या रेकॉर्डी घरात पडून राहणं छोट्या लेबलाला परवडत नाही. पण काही संगीतकार आणि लेबलं टंचाई मुद्दाम निर्माण करतात, पुन्हा छापणार नाही असं जाहीर करतात, आणि मग तीच रेकॉर्ड जुन्या बाजारात मूळ किमतीच्या दहापट भावानं फिरते. त्या दहापटीतला एक पैसाही संगीतकाराला जात नाही. तो साठेबाजाच्या खिशात जातो. स्वतःच्या लेबलाचं समर्थन ज्या कारणासाठी करायचं, त्याच कारणावर इथे पाणी पडतं. म्हणून छोट्या लेबलाचं मोठेपण मी त्याच्या दुर्मिळतेत पाहत नाही, त्याच्या पुनर्मुद्रणात पाहतो. अलिव्हिएटेडनं हर्ड यांच्या जुन्या रचना पुन्हा पुन्हा उपलब्ध केल्या, नव्या श्रोत्याला रास्त भावात मिळू दिल्या. हक्क हातात असलेल्या माणसानं हेच करावं. ज्याच्याकडे हक्क आहेत आणि तरीही जो मागणी असताना छापत नाही, त्याला मी दुर्मिळतेचा व्यापारी म्हणेन, मग त्याचं संगीत कितीही थोर असो.

राहिला शेवटचा आक्षेप. आता कारखाना, साचा, वितरक कशाचीच गरज नाही, फोनवरून गाणं जगभर पोचतं, मग रेकॉर्डींच्या गोष्टी कशाला? रेकॉर्डींचं जग नाजूक आहे हे खरंच. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्स या कारखान्याला आग लागली, आणि लॅकरच्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या दोन कारखान्यांपैकी एक नाहीसा झाला, उरला तो जपानमधला. पण स्ट्रीमिंगमध्ये साचा नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्याच्या ताब्यात गेला आहे. २०२४पासून स्पॉटिफायनं नियम केला की वर्षभरात हजारांपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्यांच्याकडून ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. मुख्य प्रवाहाबाहेरच्या संगीतकाराची कितीतरी गाणी या रेषेखाली राहतात, आणि रेषा आखताना त्याला कुणी विचारलं नाही. छोट्या संगीतकारांचा आधार मानला गेलेला बँडकॅम्प २०२२मध्ये एपिक गेम्सनं विकत घेतला, २०२३मध्ये साँगट्रेडरला विकला, आणि त्या विक्रीत जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. शिकागोच्या मुलांना एका कारखानदाराच्या दारात उभं राहावं लागलं, आजच्या मुलांना दोन-तीन कंपन्यांच्या. संगीत कुठल्या माध्यमातून ऐकवायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. हर्डही आपलं संगीत डिजिटल रूपात देतात. मूळ ध्वनिमुद्रण आणि त्याचे हक्क आपल्याकडे असले की उद्या एक दुकान बंद पडलं तर माल दुसऱ्या दुकानात ठेवता येतो.

या सगळ्याशी मुंबईचा एक थेट धागा आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य काढलेले चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडचेच टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले आणि एचएमव्हीनं त्याची रेकॉर्ड काढली. टीबी-३०३चा तो ओलसर, वळणारा आवाज शिकागोच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये येण्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत भैरव आणि ललत गात होता. रेकॉर्ड खपली नाही. कंपनीच्या दृष्टीनं विषय संपला. २०१०मध्ये नेदरलँड्सच्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या लेबलानं ती पुन्हा काढली तेव्हा कुठे जगाला तिचा पत्ता लागला. मधली अठ्ठावीस वर्षं ती जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात पडून होती. चरणजित सिंग यांना सत्तरीत युरोपच्या रंगमंचांवर बोलावणी आली, आणि २०१५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. इथे कुणी त्यांना लुबाडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. एवढंच दिसतं की पुन्हा छापण्याचा निर्णय ज्यानं संगीत केलं त्याच्या हातात नसला की तो निर्णय कुणीच घेत नाही.

पुण्या-मुंबईत आणि गोव्यात आज घरच्या लॅपटॉपवर हाउस आणि टेक्नो करणारी मुलं-मुली आहेत, आणि त्यांच्यापुढेही करार येतात. बहुतेकदा ईमेलवर, 'इथे क्लिक करा' अशा स्वरूपात. त्यांच्या पाठीशी भारतीय कॉपीराइट कायदा बऱ्यापैकी उभा आहे, पण तो कुणी सांगत नाही. कलम १९ नुसार हक्क लेखी करारानंच देता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत मानला जातो. ज्याला हक्क दिले त्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते आपोआप परत येतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर रचनेच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा संगीतकाराला कंपनीच्या नावे लिहून देताच येत नाही. म्हणून या मुलांना एकच विनंती आहे. गाणं कुणाच्याही हाती देण्याआधी करारातली मुदतीची आणि प्रदेशाची ओळ शोधा. तिथे 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' असं छापलेलं असेल तर ते खोडून वर्षांचा आकडा घालायला सांगा, आणि समोरचा तयार नसेल तर सही न करता गाणं स्वतःच्या नावानं काढा.